मिठाने चढणारा रक्तदाब आणि पेप्टाइडची औषधे

एकाच चुलीवरचे जेवण जेवणाऱ्या दोन भावांपैकी एकाला चाळिशीतच बीपीची गोळी सुरू होते आणि दुसऱ्याचा रक्तदाब साठी उलटली तरी जागचा हलत नाही, अशी घरे निपाणीत, खानापुरात, चिकोडी-हुक्केरीकडे आणि बेळगाव शहरातही हवी तेवढी सापडतील. यामागे अनेक कारणे असू शकतात, परंतु त्यातले एक फार महत्त्वाचे आहे. खाल्लेले मीठ बाहेर टाकण्याची क्षमता सगळ्यांच्या शरीरात सारखी नसते. काहींचे मूत्रपिंड जादा मीठ सहज बाहेर काढते आणि रक्तदाब होता तिथेच राहतो, तर काहींचा रक्तदाब ताटातल्या मिठाबरोबर वर चढतो आणि मीठ कमी केले की खाली येतो. या दुसऱ्या प्रकाराला मीठ-संवेदनशील रक्तदाब म्हणतात. उच्च रक्तदाब असलेल्या लोकांपैकी साधारण निम्मे आणि रक्तदाब नसलेल्यांपैकी साधारण पाव हिस्सा लोक या गटात मोडतात. वय वाढले, मधुमेह जडला किंवा मूत्रपिंडाची शक्ती घटली की ही संवेदनशीलता आणखी वाढते.

अशा रक्तदाबावर आणि त्याने हृदय व मूत्रपिंड यांची जी हानी होते तिच्यावर पेप्टाइड नावाच्या रेणूंचा कसा उपयोग होतो, किंवा होऊ शकेल, हे या लेखात सांगायचे आहे. हा विषय प्रयोगशाळेपुरता आहे असे वाटण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात प्राथमिक आरोग्य केंद्रातून आणलेल्या गोळ्यांच्या पट्टीपर्यंत तो येऊन पोहोचलेला आहे.

आधी मिठाचे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण तेवढे मीठ. भारतात सरासरी माणूस याच्या जवळजवळ दुप्पट मीठ खातो. आपल्या भागात ते केवळ भाजी-आमटीतून जात नाही. ताटाच्या डाव्या बाजूचे लोणचे, ठेचा, पापड, ताकात मुरवून वाळवलेली मिरची, खानापूर-लोंढ्याकडे पावसाळ्यात हटकून होणारी सुकट आणि खारवलेला बांगडा, संध्याकाळचा भडंग, चहाबरोबरची खारी, या सगळ्यांतून ते जाते. पाकिटावर मीठ असा शब्द बहुधा नसतो, सोडियम असा असतो, आणि तिथे फसगत होते. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. एखाद्या पाकिटावर १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल, तर त्या १०० ग्रॅम खाऊत २ ग्रॅम मीठ आहे, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा चाळीस टक्के भाग. हा हिशेब घरातील शाळकरी मुलालाही करता येतो आणि तो करायला शिकवणे अगत्याचे आहे.

हे मीठ मूत्रपिंडात गेल्यावर काय होते ते समजले की पुढचे सगळे सोपे होते. निरोगी माणसाची दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्या द्रवात जवळजवळ दीड किलो मीठ असते. त्यातले ९९ टक्क्यांहून अधिक मीठ शरीर परत शोषून घेते आणि खाल्ले तेवढेच, म्हणजे काही ग्रॅम, लघवीवाटे सोडते. दीड किलोच्या या उलाढालीत शोषणाचे प्रमाण अगदी किंचित जरी वाढले, तरी दिवसागणिक काही ग्रॅम मीठ अंगात अडकू लागते. मिठाबरोबर पाणी अडकते, रक्ताचे आकारमान वाढते, रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब चढतो. हिडकल धरणाच्या एखाद्या कालव्यात गाळ साचला, की पूर्वीइतकेच पाणी पुढे जाण्यासाठी मागची पातळी वर चढावी लागते. मीठ-संवेदनशील मूत्रपिंडाचेही तसेच होते, तेवढेच मीठ बाहेर टाकण्यासाठी त्याला जास्त दाब लागतो. ही प्रवृत्ती आनुवंशिक असू शकते हे अमेरिकेतील संशोधक लुईस डाल यांनी १९६२ साली दाखवून दिले. त्यांनी उंदरांची निवडून पैदास केली, तेव्हा एका वाणाचा रक्तदाब मिठाने भराभर चढला आणि दुसऱ्या वाणाचा चढला नाही. डाल यांचे मीठ-संवेदनशील उंदीर आजही या विषयातील बहुतेक प्रयोगांचा पाया आहेत.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते, कारण रुग्णांशी बोलताना ती बहुतेक वेळा सांगायची राहून जाते. मिठाची हानी केवळ दाबातून होत नाही. सतत जास्त मीठ मिळणाऱ्या मूत्रपिंडात आणि हृदयात प्रतिकारशक्तीच्या पेशी जमू लागतात, सूज राहते, आणि त्या सुजेच्या जागी हळूहळू तंतुमय ऊती भरत जाते, म्हणजेच आतून व्रण धरतात. मूत्रपिंडाच्या गाळण्या कठीण होतात आणि त्यांतून अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत गळू लागते. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड आणि ताठ होते. ते आकुंचन पावते, पण सैल पडून भरून घेणे त्याला जड जाते. मूत्रपिंड दुबळे झाले की मीठ-पाणी आणखी साचते आणि त्याचा भार हृदयावर येतो; हृदय दुबळे झाले की मूत्रपिंडाला रक्त कमी पडते आणि ते अधिकच मीठ धरून ठेवते. दंडाला पट्टा गुंडाळून मोजलेला आकडा या साऱ्याची पूर्ण बातमी देत नाही.

आता पेप्टाइड. अमिनो आम्लांची लांबलचक साखळी म्हणजे प्रथिन आणि आखूड साखळी म्हणजे पेप्टाइड. मधुमेहामुळे घराघरांत ओळखीचे झालेले इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे पेप्टाइडच आहे. ते सुईने का घ्यावे लागते, याचे उत्तर पेप्टाइडच्या बहुतेक औषधांना लागू पडते: पोटात गेले की पचनरस त्या साखळीचे तुकडे करतात आणि भाकरीतल्या प्रथिनासारखीच ती पचून जाते.

मिठाविरुद्ध लढणारी काही पेप्टाइडे आपले शरीर स्वतःच बनवते, आणि त्यातील सर्वांत महत्त्वाचे हृदयात बनते. १९८१ साली कॅनडात अडोल्फो द बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून तो दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला. काही मिनिटांतच त्या उंदरांच्या लघवीचे आणि तीतील मिठाचे प्रमाण अनेक पटींनी वाढले आणि रक्तदाब उतरला. खालच्या कप्प्यांच्या अर्काने तसे काही झाले नाही. तोपर्यंत हृदय म्हणजे रक्त ढकलणारा पंप अशीच समजूत होती. या प्रयोगानंतर ते संप्रेरक तयार करणारी ग्रंथीही आहे हे सिद्ध झाले. त्या अर्कातील पदार्थाला एएनपी (एट्रियल नॅट्रियुरेटिक पेप्टाइड) असे नाव आहे. त्यात २८ अमिनो आम्ले असून त्यांपैकी १७ मिळून एक कडे बनते, आणि हे कडे तुटले की त्याचा गुण जातो. १९८८ साली जपानी संशोधकांना त्याचेच भावंड सापडले. ते प्रथम डुकराच्या मेंदूत मिळाले, म्हणून त्याच्या नावात मेंदू आला, पण माणसात ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून स्रवते. हे बीएनपी (ब्रेन नॅट्रियुरेटिक पेप्टाइड). धाप लागून दवाखान्यात गेलेल्या रुग्णाला जी बीएनपीची रक्ततपासणी सांगतात, ती याच कुळातील रेणूंची असते.

एएनपीचे काम फार सुबक आहे. अंगात मीठ-पाणी वाढले की हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि त्या ताणानेच हे पेप्टाइड रक्तात सुटते. मूत्रपिंडात पोहोचून ते गाळणीचा वेग वाढवते आणि नलिकांच्या शेवटच्या टप्प्यात मिठाचे शोषण रोखते. रक्तवाहिन्या सैल करते. रेनिन आणि आल्डोस्टेरॉन या मीठ धरून ठेवणाऱ्या यंत्रणेला आवर घालते. शिवाय हृदयात तंतुमय ऊती वाढू देत नाही. १९९५ साली ज्या उंदरांमध्ये एएनपीचे जनुक निकामी केले होते त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि एएनपी कमी पडले की मिठाने रक्तदाब चढू लागतो हे त्यातून स्पष्ट झाले. स्थूल माणसांच्या रक्तात ही पेप्टाइडे तुलनेने कमी आढळतात, आणि वजनाबरोबर रक्तदाब वाढण्याचे तेही एक कारण मानले जाते.

मग हेच पेप्टाइड औषध म्हणून का देऊ नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि तो करून पाहिला गेला आहे. जपानमध्ये १९९५ पासून एएनपी आणि अमेरिकेत २००१ पासून बीएनपी ही औषधे हृदय अचानक कमजोर पडून छातीत पाणी भरलेल्या रुग्णांना सलाइनवाटे देण्यात आली. सुरुवातीला आशा मोठी होती. परंतु २०११ साली सुमारे सात हजार रुग्णांवरील चाचणीचा निकाल आला, तेव्हा बीएनपीच्या औषधाने मृत्यू किंवा पुन्हा भरती होणे यांत लक्षणीय फरक पडलेला दिसला नाही, उलट रक्तदाब फार खाली जाण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. मूत्रपिंडात तयार होणाऱ्या उरोडायलॅटिन या सख्ख्या नात्यातील पेप्टाइडची चाचणी २०१७ साली अशीच निष्फळ ठरली. या अपयशाची कारणे शिकण्यासारखी आहेत. एएनपी रक्तात दोन-तीन मिनिटांतच अर्धे नाहीसे होते, म्हणून ते सतत शिरेतून सोडावे लागते, आणि तसे फार तर दोन-चार दिवस करता येते. वर्षानुवर्षे साचलेली हानी दोन दिवसांच्या औषधाने मागे फिरवण्याची अपेक्षाच अवास्तव होती. दुसरे असे, की दाब एकदम उतरला तर मूत्रपिंडाला मिळणारे रक्तही घटते आणि एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने निघून जाते.

यातून दुसरी वाट निघाली. शरीराने बनवलेले पेप्टाइड लवकर तुटू नये अशी तजवीज केली, तर बाहेरून टोचण्याची गरजच उरत नाही. ही पेप्टाइडे तोडण्याचे काम नेप्रिलायसिन नावाचे विकर (एन्झाइम) करते. त्याला अडवणारी गोळी बनवण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे ओमापॅट्रिलॅट. हे औषध रक्तदाब उत्तम उतरवत होते, पण एकाच वेळी नेप्रिलायसिन आणि एसीई (रक्तवाहिन्या आवळणारे अँजिओटेन्सिन तयार करणारे विकर) अशी दोन विकरे अडवल्यामुळे ब्रॅडिकायनिन हे दुसरे पेप्टाइड साचून काही रुग्णांचे ओठ, जीभ आणि घसा सुजत असे. २५ हजारांहून अधिक लोकांच्या चाचणीत ही सूज दर शंभरांत दोघांना आली, जुन्या औषधाच्या तिप्पट. घसा सुजून श्वास कोंडू शकतो, त्यामुळे ते औषध बाजारात आलेच नाही, आणि ते योग्यच झाले. त्यानंतर जोडी बदलण्यात आली. सॅक्युबिट्रिल हे नेप्रिलायसिनला अडवते आणि त्याच्यासोबतचे व्हलसार्टन अँजिओटेन्सिनचा परिणाम रोखते. ब्रॅडिकायनिन तोडणारे दुसरे विकर, एसीई, मोकळे राहते. २०१४ साली ८,४४२ रुग्णांच्या चाचणीत या जोडगोळीने एनालाप्रिल या प्रस्थापित औषधाच्या तुलनेत हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदय कमजोर पडून भरती होण्याचा धोका २० टक्क्यांनी कमी केला. औषधशास्त्रात प्रस्थापित औषधाला एवढ्या फरकाने मागे टाकणे क्वचित घडते.

ही गोळी आपल्याकडे मुख्यतः हृदय कमजोर झालेल्या रुग्णांना दिली जाते. जपानने २०२१ पासून तिला उच्च रक्तदाबासाठीही मान्यता दिली आहे, आणि आशियाई मीठ-संवेदनशील रुग्णांतील अभ्यासात तिने सुरुवातीच्या काळात लघवीवाटे मीठ अधिक बाहेर काढल्याचे दिसले. भारतात २०२३ च्या सुरुवातीला मूळ पेटंटची मुदत संपल्यावर अनेक कंपन्यांनी ती बनवायला घेतली आणि किंमत खाली आली. मात्र ती एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिलसोबत कधीही घेऊ नये. एक बंद करून दुसरी सुरू करताना किमान ३६ तासांचे अंतर ठेवावे लागते, कारण न ठेवल्यास ओमापॅट्रिलॅटचीच घसा सुजण्याची आपत्ती ओढवू शकते. गरोदरपणात ती वर्ज्य आहे. ही गोळी सुरू असताना साधी बीएनपी तपासणी फसवा आकडा दाखवू शकते, म्हणून एनटी-प्रोबीएनपी ही तपासणी करतात.

तिसरी वाट या दोन्हींहून जुनी आहे आणि तिचा उगम सापाच्या विषात आहे. ब्राझीलचे शास्त्रज्ञ सर्जिओ फरेरा यांनी १९६५ साली दाखवले की जराराका या विषारी सापाच्या विषातील काही पदार्थ रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवतात. पुढे त्यांतून नऊ अमिनो आम्लांचे टेप्रोटाइड हे पेप्टाइड मिळाले. ते रुग्णांचा रक्तदाब उतरवत असे, पण सुईनेच द्यावे लागे. तेव्हा अमेरिकेतील ओन्डेटी आणि कुशमन यांनी त्या पेप्टाइडचा ज्या भागाने परिणाम होतो तेवढाच नक्कल करणारा एक लहानसा, न पचणारा रेणू घडवला. तो कॅप्टोप्रिल, १९८१ साली मान्यता मिळालेली गोळी. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल ही तिचीच पुढची पिढी. ज्यांना या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, आणि तो ब्रॅडिकायनिनमुळेच येतो, त्यांना टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन देतात. आपल्याकडे पुष्कळ वयस्कर मराठी रुग्णांना कार्डावरचे कन्नड वाचता येत नाही आणि पट्टीवरचे इंग्रजीही, म्हणून ते गोळी रंगाने ओळखतात. कंपनी बदलली की रंग बदलतो आणि घोटाळा होतो. घरातील कोणीतरी पट्टीवरचे नाव वाचून एवढे पाहावे, की शेवटी 'प्रिल' आहे की 'सार्टन'. दोन्ही प्रकारच्या गोळ्या वेगवेगळ्या डॉक्टरांकडून येऊन एकत्र सुरू असतील, तर ते ताबडतोब दाखवावे, कारण २००८ सालच्या मोठ्या चाचणीने सिद्ध केले आहे की दोन्ही एकदम घेतल्याने फायदा वाढत नाही आणि मूत्रपिंडाचा त्रास मात्र वाढतो. मीठ भरपूर खाल्ले तर या दोन्ही गोळ्यांचा जोर कमी पडतो, हेही येथेच सांगायला हवे.

या 'प्रिल' गोळ्यांमागे आणखी एक पेप्टाइड दडलेले आहे, आणि या सबंध विषयात सर्वांत विलक्षण कोणते असे विचारले तर मी त्याचेच नाव घेईन. त्याला एसी-एसडीकेपी म्हणतात. फक्त चार अमिनो आम्लांचा हा तुकडा थायमोसिन बीटा-४ या मोठ्या रेणूतून सुटतो आणि सर्वांच्या रक्तात थोडाफार असतो. त्याला तोडणारे मुख्य विकर म्हणजे तेच एसीई, ज्याला 'प्रिल' गोळ्या अडवतात. त्यामुळे या गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तात त्याची पातळी कित्येक पटींनी वाढते. अमेरिकेतील डेट्रॉइट येथील संशोधकांनी अनेक वर्षे त्याचा पाठपुरावा केला. मिठाने रक्तदाब चढवलेल्या उंदरांना त्वचेखालून हे पेप्टाइड सतत दिले, तेव्हा त्यांच्या हृदयात आणि मूत्रपिंडात शिरणाऱ्या दाहक पेशी कमी झाल्या, तंतुमय ऊती कमी साचली, गाळण्या कमी कठीण झाल्या आणि लघवीत गळणारे अल्ब्युमिनही घटले. आणि या उंदरांचा रक्तदाब उतरलाच नव्हता. तो न दिलेल्या उंदरांइतकाच चढलेला होता.

या निकालाचा अर्थ फार दूरवर जातो. दाब तसाच असताना अवयव वाचू शकतात, याचा दुसरा अर्थ असा की दाब आणि अवयवाची झीज या परस्परांशी जोडलेल्या पण स्वतंत्र गोष्टी आहेत आणि उपचारांनी दोन्हींकडे लक्ष द्यायला हवे. रक्तदाब वाढू दिला तरी चालेल असा याचा अर्थ कोणी काढू नये. मेंदूतील रक्तस्राव रोखायचा तर दाबच उतरवावा लागतो. एसी-एसडीकेपी अजून माणसांसाठीचे औषध झालेले नाही. उंदरात यशस्वी झालेली पुष्कळ औषधे माणसात फसली आहेत आणि याचीही तीच गत होणार नाही याची हमी देता येत नाही. तरीही मूत्रपिंडाला व्रण धरू न देणारे औषध हे ज्या दिशेने शोधायला हवे, ती दिशा त्याने दाखवली आहे.

पेप्टाइड काही मिनिटांत नाहीसे होते हा अडसर एका वेगळ्या कुळातील औषधांनी ओलांडला. जीएलपी-१ हे आतड्यातून स्रवणारे पेप्टाइड मूळ रूपात एक-दोन मिनिटेच टिकते. त्याच्या साखळीत थोडा बदल करून तिला स्निग्ध आम्लाची शेपटी जोडली, की ते रक्तातील अल्ब्युमिनला चिकटून राहते आणि आठवडाभर पुरते, हेच सेमाग्लुटाइड. ते प्रथम मधुमेहासाठी आले, मग वजनासाठी. २०२४ साली मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार दोन्ही असलेल्या ३,५३३ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला आणि मूत्रपिंड निकामी होणे, त्याची शक्ती निम्म्याने घटणे, किंवा मूत्रपिंड-हृदयाच्या कारणाने मृत्यू येणे यांचा एकत्रित धोका २४ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. या कुळातील औषधे मूत्रपिंडाच्या नलिकेच्या पहिल्या भागात मिठाचे शोषण कमी करतात आणि रक्तदाबही थोडा उतरवतात, पण हा त्यांच्या फायद्याचा एक हिस्सा आहे; वजन घटणे आणि दाह कमी होणे यांचाही त्यात वाटा आहे. मळमळ, उलट्या आणि जुलाब हे त्यांचे सर्रास होणारे त्रास आहेत. उलट्यांनी अंगातले पाणी आटले तर ज्या मूत्रपिंडाला वाचवायचे त्यालाच इजा पोहोचते, म्हणून हे औषध डॉक्टरांच्या नजरेखालीच, कमी मात्रेपासून चढवत न्यावे लागते.

एएनपीचाही पुन्हा नव्याने विचार सुरू आहे. एका कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या हृदयाची लय बिघडण्याचा विकार आढळला आणि २००८ साली त्याचे मूळ एएनपीच्या जनुकातील बदलात सापडले. त्यांच्या शरीरात २८ ऐवजी ४० अमिनो आम्लांचे पेप्टाइड बनत होते आणि ते लवकर तुटत नव्हते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी त्याच लांब शेपटीच्या धर्तीवर औषध घडवले असून, रक्तदाबाच्या रुग्णांतील पहिल्या लहान चाचणीत त्वचेखाली दिलेल्या इंजेक्शनाने मिठाचे उत्सर्जन वाढले आणि दाब उतरला. ते अद्याप मान्यताप्राप्त नाही.

याच सुमारास 'पेप्टाइड' हा शब्द मोबाइलवरील जाहिरातींतही दिसू लागला आहे. किडनी साफ करणारी, सांधे भरून काढणारी, तारुण्य परत आणणारी म्हणून पेप्टाइडची पावडर आणि कुप्या विकल्या जातात. तोंडाने घेतलेली पेप्टाइडची पावडर बहुतांशी पचून जाते. टोचून घ्यायच्या कुप्यांमध्ये नेमके काय आणि किती आहे, त्या निर्जंतुक आहेत की नाहीत, हे कोणालाच ठाऊक नसते. रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी त्यांच्यापासून लांबच राहावे, असे मी अगदी निक्षून सांगेन.

निपाणीच्या विडी कामगार वस्तीत रक्तदाब तपासताना ऐकू येणारा एक प्रश्न सगळीकडेच ऐकू येतो: "बीपी बरं हाय न्हवं? मग लघवी कशाला तपासायची?" त्याला खरे उत्तर असे आहे: "मावशी, बीपी दंडात कळतं, किडनी गळते का ते लघवीतच कळतं." सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन आणि क्रिएटिनीन (स्नायूंतून येणारा, मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) यांचे प्रमाण मोजतात. अल्ब्युमिन क्रिएटिनीनच्या प्रति ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या आत असावे; ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली आहे आणि ३०० च्या वर म्हणजे ती बरीच पुढे गेली आहे. गळती सुरुवातीच्या टप्प्यात ना दुखते ना सुजते, म्हणून रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या प्रत्येकाने ही तपासणी आणि रक्तातील क्रिएटिनीन वर्षातून एकदा तरी करून घ्यावे. एकदा जास्त आले तर ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा अतिश्रम ही कारणे वगळून तीन महिन्यांच्या अवधीत पुन्हा तपासून खात्री करतात. आणि गळती नक्की झाली, की 'प्रिल' किंवा 'सार्टन' यांपैकी एक गोळी रुग्णाला सोसेल तेवढ्या पूर्ण मात्रेत देण्याला विशेष महत्त्व येते.

दिवसभर पाठ वाकवून विड्या वळणाऱ्या बायका आणि ऊसतोडीचे मजूर अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या सर्रास आणून खातात. या गोळ्या मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतात, बीपीच्या गोळीचा परिणाम मारतात, आणि 'प्रिल' किंवा 'सार्टन' व लघवीची गोळी आधीच सुरू असताना त्या घेतल्या, विशेषतः उन्हात घाम गाळून पाणी कमी पडलेले असताना, तर मूत्रपिंड काही दिवसांत बंद पडू शकते. दुखणे असेल तर डॉक्टरांना बीपीच्या गोळ्यांची पट्टी दाखवूनच औषध मागावे. उलट्या-जुलाब होत असतील त्या दिवसांत बीपीच्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या, हेही आधीच विचारून ठेवावे.

मिठाच्या बाबतीत चीनमधील ६०० गावांतील जवळजवळ २१ हजार लोकांची चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. तीत नेहमीच्या मिठाऐवजी पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. असे कमी सोडियमचे मीठ आता आपल्याकडेही किराणा दुकानात मिळते. निरोगी मूत्रपिंड असलेल्या घराने ते जरूर वापरावे. परंतु ज्यांचे क्रिएटिनीन वाढलेले आहे, किंवा जे 'प्रिल', 'सार्टन', सॅक्युबिट्रिलची जोडगोळी अथवा स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी घेत आहेत, त्यांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत चढून हृदयाची लय बिघडू शकते. अशा घरात सर्वांसाठी एकच स्वयंपाक होत असेल, तर मिठाचा डबा बदलण्यापूर्वी त्या रुग्णाचे पोटॅशियम तपासून डॉक्टरांची संमती घ्यावी, आणि ती मिळाली नाही तर नेहमीचेच मीठ कमी घालून लोणचे, पापड आणि सुके मासे यांवर हात आखडता घ्यावा.